व्हीलहाऊसच्या छपरावरची गर्दी

मी पुण्यात बसून जहाजांच्या छपरांचं गणित करते, म्हणजे तिथले अँटेना एकमेकांना किती त्रास देतात त्याचा हिशेब. हे सांगितलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पुण्यात जहाजं कुठून आली? आईचा प्रश्न मात्र मुद्द्याला हात घालणारा होता. "अख्खा समुद्र मोकळा पडलाय, मग सगळे अँटेना एकाच खांबावर कशाला चढवतात गं?"

कारण सगळ्यांनाच उंची हवी. व्हीएचएफ, म्हणजे जहाजांचा आपसांत बोलायचा रेडिओ, साधारण नजर पोहोचेल तेवढाच जातो, म्हणून तो वर. रडारला चारही बाजू मोकळ्या लागतात, म्हणून तोही वर. जीपीएसला आणि उपग्रहाच्या घुमटाला आभाळ लागतं. आणि मोठी जहाजं ओढणाऱ्या तीस मीटरच्या टगवर 'वर' म्हणावं असं असतं तरी काय? व्हीलहाऊसचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीचं छप्पर, त्यावर एक मास्ट म्हणजे उभा खांब, मागे दोन फनेल म्हणजे धुराडी आणि आग विझवायच्या पाण्याच्या तोफा. सगळं पोलादी. त्या सात मीटर रुंद छपराच्या आसपास दोन व्हीएचएफ, एक एआयएस, दोन जीपीएस, हवामानाचे इशारे घेणारं नॅव्हटेक्स, रडार, लांब पल्ल्याच्या एमएफ-एचएफ रेडिओचा आठ मीटर उंच व्हिप (काठीसारखा अँटेना), आणि मालक हौशी असला तर इंटरनेटचा घुमटही.

गोव्यातल्या जहाजबांधणीच्या एका यार्डाकडून अशाच एका टगचं काम माझ्याकडे आलं होतं. विचारणा एका ओळीची होती: व्हीएचएफवर बोलताना एआयएस आंधळं होणार नाही ना, ते बघून सांगा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, एआयएस म्हणजे आपलं नाव, जागा, वेग आजूबाजूच्या जहाजांना आपोआप सांगणारा आणि त्यांचं ऐकणारा संच. तो १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालतो. कॅप्टन ज्यावर हाक मारतो तो चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. दोघांत जेमतेम पाच मेगाहर्ट्झचं अंतर.

असलं काम आलं की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी कागद घेते. आमच्याकडे नवीन आलेली मुलं थेट मॉडेल बनवायला बसतात आणि मला त्याचा राग येतो. कागदावरचं गणित असं. व्हीएचएफची शक्ती २५ वॉट. दोन अँटेना एकाच पातळीवर दोन मीटर लांब ठेवले, तर मोकळ्या हवेत साधारण १८ डेसिबलची घट मिळते (दर दहा डेसिबलला शक्ती दहावा हिस्सा होते). म्हणजे कॅप्टनने बटण दाबलं की एआयएसच्या अँटेनात ०.४ वॉट शिरतात. आणि हा संच जो बारीकात बारीक संदेश ओळखतो, तो असतो उणे १०७ डीबीएम, म्हणजे एका मिलिवॉटच्याही १०७ डेसिबल खाली. भागाकार करून बघा: नको असलेली शक्ती हव्या असलेल्या संदेशाच्या वीस लाख कोटी पट. हा आकडा आपण २०२० च्या पॅकेजच्या वेळी टीव्हीवर ऐकला होता, त्यामुळे निदान उच्चारायची सवय तरी आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. दोन अँटेनांमधली घट दोन्ही दिशांना सारखीच असते. व्हीएचएफकडून एआयएसकडे जेवढी, तेवढीच उलट. त्रास एकाच बाजूला दिसतो तो संचांमुळे, कारण त्या क्षणी एक २५ वॉटने ओरडत असतो आणि दुसरा ऐकत असतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं एआयएस बसवण्याबद्दलचं २००३ चं एक परिपत्रक आहे. त्यात सांगितलंय की एआयएसचा अँटेना मुख्य व्हीएचएफच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली, निदान दोन मीटर सोडून बसवा, आणि एकाच पातळीवर ठेवायचा असेल तर निदान दहा मीटर लांब. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी टेबलाशी बसून गोल आकडे लिहिले असतील. पण करून बघा. उभ्या अँटेनाची शक्ती आडवी फेकली जाते, त्याच्या डोक्यावर आणि पायाखाली जवळजवळ काहीच जात नाही. त्यामुळे उभ्या रेषेतल्या दोन मीटरला साधारण २९ डेसिबल मिळतात आणि आडव्या दहा मीटरला ३२. म्हणजे दोन्ही अटींचा भाव जवळपास एकच आहे. मला हे परिपत्रक म्हणूनच आवडतं, त्यात विनाकारण एकही आकडा नाही.

सात मीटरच्या छपरावर दहा मीटर मिळायचे नाहीत. मग उरली उभी रेषा, म्हणजे मास्ट. आणि खरी गंमत तिथे सुरू होते. ते २९ डेसिबल मोकळ्या हवेतले आहेत. मास्ट आहे पोलादाचा नळ. वरच्या अँटेनाने त्या नळावर प्रवाह सुरू केला, की तो प्रवाह नळावरून सरळ खाली उतरतो आणि पायाखालच्या ज्या शांत जागेच्या भरवशावर आपण होतो तिथेच येऊन लहरी फेकतो. माझ्या मॉडेलमध्ये मास्ट नसताना २९ होते, मास्ट घातल्यावर २१ झाले. दोन्ही अँटेना जागच्या जागी होते, एका सेंटिमीटरनेही हलले नव्हते.

लोकांना वाटतं की आम्ही एका अँटेनाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम मोजतो. जहाजावर निम्म्याहून जास्त वेळ लोखंडाचा हिशेब करण्यातच जातो. आणि तेच लोखंड दर फ्रिक्वेन्सीला वेगळं वागतं. ६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी पन्नास मीटर असते, म्हणजे अख्खी टग एका लहरीपेक्षा लहान. पाण्यापासून साडेबारा मीटर उंच मास्ट असेल तर तो बरोबर पाव तरंगलांबीचा झाला, आणि खाली समुद्राचं खारं पाणी आरशासारखं आहेच. झाला की तोच एक अँटेना, कुणी न लावलेला! शेजारचा व्हिप बोलला की मास्टही बोलतो, आणि एका दिशेला संदेश दणदणीत जातो तर दुसरीकडे खड्डा पडतो. अमेरिकी नौदलाने संगणकाच्या आधीच्या काळात यासाठी सॅन दिएगोला जहाजांची पितळी मॉडेलं बनवली होती, मूळच्या एक अठ्ठेचाळीसांश मापाची. माप ४८ पट लहान केलं की फ्रिक्वेन्सी ४८ पट वाढवायची: २ ते ३० मेगाहर्ट्झचं काम ९६ ते १४४० मेगाहर्ट्झवर मोजून व्हायचं. एवढंसं पितळी जहाज, त्यावर केसाएवढ्या तारांचे अँटेना. ती मॉडेलं एकदा हातात घेऊन बघायची माझी फार इच्छा आहे.

आता तेच काम लॅपटॉपवर होतं, कारण एवढ्या मोठ्या लहरीला जहाजाचे बारकावे दिसतच नाहीत. त्यामागची पद्धत साधी आहे. जहाजाचा पत्रा छोट्या त्रिकोणांत कापायचा, प्रत्येक कडेवरून किती प्रवाह वाहतो हा एक चल मानायचा, आणि सगळे चल एकमेकांवर कसा परिणाम करतात त्याची समीकरणं एकदम सोडवायची. हॅरिंग्टन यांनी १९६८ मध्ये ही रीत नीट मांडली. त्रिकोणाच्या कडेवरचा प्रवाह कसा लिहायचा हे राव, विल्टन आणि ग्लिसन यांच्या १९८२ च्या निबंधात आलं, आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअर तेच वापरतात. यातले राव म्हणजे सदाशिव राव. पुण्यात हे नाव घेतलं की कुणीतरी हमखास पेठेवर विनोद करतं.

त्रिकोणाची कड तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याची धरली, तर एका चौरस तरंगलांबीला साधारण साडेतीनशे चल लागतात. आता टगला लावा. पाण्यावरचा सगळा पत्रा मी ९०० चौरस मीटर धरला. व्हीएचएफला तरंगलांबी १.९ मीटर, म्हणजे साधारण ८६ हजार चल. हे सगळे एकमेकांशी बोलतात, म्हणून तक्त्यात ८६ हजार गुणिले ८६ हजार आकडे, आणि त्यांना जागा लागते १२० जीबी. माझ्या यंत्रात तेवढी मेमरी नाही. मोठ्या जहाजाचा आठ हजार चौरस मीटर पत्रा घेतला तर चल साडेसात लाखांवर जातात आणि मेमरी नऊ टेराबाइटच्या घरात जाते. त्यासाठी दूरच्या त्रिकोणांचे गठ्ठे बांधून एकदम हिशेब करणाऱ्या जलद रीती आहेत, नव्वदच्या दशकात त्या या क्षेत्रात आल्या. पण टगसाठी मी ते केलं नाही. मी जहाज कापलं. व्हीलहाऊसच्या छपराखालचं सगळं काढून टाकलं, दोनशे चौरस मीटर उरले, एकोणीस हजार चल, सहा जीबीच्या आत मेमरी. चहा होईपर्यंत उत्तर येतं.

कापलं तर चूक किती होते? हे तपासायची माझी रीत अशी: छपराची कड आणखी दोन मीटर खाली नेऊन पुन्हा चालवायचं. उत्तर अर्ध्या डेसिबलनेही हललं नाही तर खालच्या डेकचा या भांडणाशी संबंध नाही. काय सोडायचं हे ठरवता येणं हाच या कामातला मुख्य भाग आहे असं माझं मत. महागडं सॉफ्टवेअर आणि भलंमोठं यंत्र हाताशी असलेल्यांना ते पटत नाही. ते जहाजाचे बोलार्डसुद्धा (दोर बांधायचे खुंट) मॉडेलमध्ये घालतात, रात्रभर यंत्र चालवतात आणि सकाळी एक आकडा घेऊन येतात. तो कुठून आला हे विचारलं की गप्प.

रडारला मात्र ही रीत चालतच नाही. ९.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी तीन सेंटिमीटरच्या थोडी वर. त्याच दोनशे चौरस मीटरला जवळपास सात कोटी चल लागतील. तिथे लहर विसरायची आणि किरण धरायचे: फनेलवर आपटून कुठे जातो, मास्टच्या कडेला वळसा कसा घेतो, कुठे सावली पडते. फनेलवरून परतलेला किरण पडद्यावर भलत्याच दिशेला खोटं जहाज दाखवतो, खलाशांना ते चांगलं ठाऊक असतं.

कडेच्या वळशाचा इतिहास मला विशेष प्रिय आहे. एका सरळ कडेवरून लहर कशी वळते याचं काटेकोर गणित सोमरफेल्ड यांनी १८९६ मध्ये करून ठेवलं होतं. जोसेफ केलर यांनी १९६२ च्या निबंधात त्यावरून एक सोपा नियम काढला: कडेवर पडलेला किरण शंकूसारखा पसरतो, आणि प्रत्येक दिशेला किती जातो ते एका गुणकाने मिळतं. अडचण एकच होती. सावली जिथे सुरू होते, बरोबर त्या रेषेवर केलरचं उत्तर अनंत येतं. प्रत्यक्षात तिथे काही अनंत नसतं, लहरीची उंची निम्मी झालेली असते, सहा डेसिबलची घट. आणि आमची जात अशी की अँटेना नेमका सावलीच्या त्या रेषेवरच बसवायचा असतो, कारण दुसरी जागाच नसते. १९७४ मध्ये कूयूमजियन आणि पाठक यांनी ओहायोत तो गुणक असा सुधारला की उत्तर सावलीच्या रेषेवरून न तुटता पलीकडे जातं. हे प्रभाकर पाठक मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. परदेशात नाव काढलेल्या माणसांच्या आपल्या याद्यांत ते मला कधी दिसले नाहीत. जहाज, विमान, उपग्रह यांवर अँटेना बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात त्यांची सूत्रं आहेत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं की मी शेफील्डचं नाव घेते. ४ मे १९८२, फॉकलंडचं युद्ध. ब्रिटिश विनाशिका एचएमएस शेफील्डवर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, वीस जण गेले, सहा दिवसांनी जहाज बुडालं. त्या वेळी जहाजावरून उपग्रहामार्फत संदेश पाठवणं चालू होतं, आणि तो संच चालू असताना शत्रूच्या रडारची चाहूल घेणारा संच त्याच्या गोंगाटात निकामी होत असे. चौकशीत माणसांच्या ढिलाईसकट इतरही बरीच कारणं निघाली, त्यामुळे सगळं खापर अँटेनांवर फोडणं खरं नाही. पण दोन संच एकमेकांच्या शेजारी बसवताना कुणीतरी मनात 'एक चालू असताना दुसरा बंद समजा' असं धरलं की काय होतं, ते यातून कळतं.

टगवर परत येते. एआयएसचा अँटेना मी मास्टच्या माथ्यावर फायबरच्या खांबावर नेला आणि व्हीएचएफ खाली आडव्या दांड्याच्या टोकाला, मास्टपासून दीड मीटर बाहेर. आकडा २७ पर्यंत परत आला. म्हणजे ०.४ वॉटऐवजी एआयएसला ५० मिलिवॉट. तरी ते थोडंथोडकं नाही, उरलेलं काम फिल्टरने (नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारी चाळणी) आणि संचाने सोसायचं. पण फिल्टरवाल्यालाही पाच मेगाहर्ट्झमध्ये किती उतार मिळणार याच्या मर्यादा आहेत, त्याला आधी २७ हातात द्यावे लागतात.

मग यार्डात मोजायला गेले आणि मीटरवर २० दिसले. सात डेसिबल कुठे गेले? केबल तपासल्या, कनेक्टर तपासले. सगळं ठीक. वर बघितलं तर मास्टला शिडी लागलेली. ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. देखभालीला माणूस चढणार कसा, हा प्रश्न नंतर कुणाला तरी पडला होता, आणि योग्यच पडला होता. शिडीचे उभे पाइप मास्टला ब्रॅकेटने वेल्ड केलेले, दोन ब्रॅकेटमधलं अंतर मोजलं तर ९५ सेंटिमीटर. १.९ मीटरच्या बरोबर निम्मं. पाइप आणि मास्ट यांच्यामधली ती फट, दोन्ही टोकांना वेल्डने बंद, अर्ध्या तरंगलांबीची. याहून नेमकं कुणी मुद्दाम ठरवूनही जमवलं नसतं. तिथल्या तिथे लॅपटॉपवर शिडी घातली, उत्तर साडेवीस.

यार्डाचे फोरमन वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशीचे. त्यांना वाटलं मी आता शिडी काढायला सांगणार, आणि त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, काढू नका, प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मध्ये आणखी एक टाका. फट अर्धी झाली की तिचा सूर ३०० मेगाहर्ट्झच्या वर जातो, आपल्याला त्याचं देणंघेणं नाही. ते हसले. "इतक्याच मा? पाच मिनटांचा काम ता." पाच मिनिटांचं नव्हतं, वेल्डरला वर चढवायला दुपार झाली. पण मीटर २६ वर आला.

एक गोष्ट मात्र या साऱ्या गणितात कुठेच बसत नाही, ती म्हणजे गंज. आमचं गणित धातू म्हणजे धातू धरतं. खाऱ्या हवेत दोन पत्र्यांमधला सैल बोल्ट गंजला की धातू, गंज, धातू असा थर तयार होतो आणि तो डायोडसारखा वागतो. दोन फ्रिक्वेन्सी त्यावर एकदम पडल्या की तिसरी जन्माला येते. चॅनेल १६ चे १५६.८ आणि चॅनेल १३ चे १५६.६५ घ्या. दुसरीची दुप्पट करून त्यातून पहिली वजा करा, १५६.५ आले. तो आहे चॅनेल १०. तिथे कुणी बोलत नसताना खरखर ऐकू येते, आणि कुठलाही फिल्टर ती काढू शकत नाही, कारण ती त्याच चॅनेलवर, संचाच्या बाहेर, रेलिंगच्या एखाद्या साखळीत तयार झालेली असते. यावर इलाज म्हणजे सैल साखळ्या काढून दोर लावा, हलणाऱ्या भागांना तांब्याच्या वेणीच्या पट्ट्या जोडा, बोल्टाऐवजी वेल्ड करा. नाहीतर संशयित जोड एकेक करून लाकडी दांडक्याने ठोकत फिरा आणि एकाने कानाला हेडफोन लावून खरखर कुठे बदलते ते ऐका. सॉफ्टवेअरवर लाखो रुपये खर्चून शेवटी हे. मला हा भाग आवडतो, तरुण सहकाऱ्यांना मुळीच आवडत नाही.

म्हणून माझ्या अहवालाच्या शेवटी आता दोन मागण्या ठरलेल्या असतात. पहिली, ड्रॉइंग पाठवताना शिडी, रेलिंग, दिव्यांचे ब्रॅकेट, कपडे वाळत घालायची तार, जे जे एक हातापेक्षा लांब आणि धातूचं आहे ते सगळं दाखवा. (कपड्यांची तार मी गंमत म्हणून लिहिलेली नाही.) दुसरी, जहाज पाण्यात वर्षभर राहिल्यावर तीच मोजणी पुन्हा करू द्या. पहिली मागणी यार्ड मान्य करतं. दुसरीला मालक म्हणतात, बघू. त्या टगच्या मालकांचा परवा फोन आला होता, मोजणीसाठी नव्हे. छपरावर उपग्रह-इंटरनेटची एक सपाट पाटी बसवायची आहे, फार मोठी नाही म्हणतात, जागा आहे का? मी शिडीचा फोटो मागवलाय.